तिला गोडी नाही

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. माझी मुलगी सई – तिला तर सांगायचा प्रश्नच नव्हता, कारण या सगळ्यात ती आहे आणि तिला त्यातलं काही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतेय ते एवढ्याचसाठी, की माझं तोंड तुम्हाला दिसत नाही आणि तुमचं मला. समोरासमोर मला जमत नाही. एकदा तेवढ्यासाठी मुद्दाम गेले होते. ते पुढं येईल.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. आता कोल्हापूर शहरात शिकवते, राजारामपुरीत राहते. नोकरीची सुरुवातीची वर्षं मात्र बिद्रीकडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात काढली, आणि तेवढ्या भांडवलावर मी शहरात तज्ज्ञ म्हणून मिरवते. म्हणजे काय, तर मी ‘त्या मुलांबरोबर’ काम केलंय. ऊसतोडीला बीडकडून जी कुटुंबं येतात, त्यांच्या मुलांबरोबर. कुठं परिसंवाद असला, कुठं महिला मंडळाचा कार्यक्रम असला की मला बोलावणं येतं. मी जाते. बरी साडी नेसून जाते.

या संक्रांतीच्या सुमारास अशाच एका मंडळानं बोलावलं. विषय मोठा होता – आपल्यासारख्या देशांत गरिबी हटता हटत का नाही. मी तयारी करून गेले. उत्पन्न कमी म्हणून बचत कमी, बचत कमी म्हणून गुंतवणूक कमी, गुंतवणूक कमी म्हणून पुन्हा उत्पन्न कमी – फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याला बाण काढले. लोकसंख्या, कर्ज, व्यसन, स्थलांतर. आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हटलं, ‘शिक्षणाविषयीची अनास्था.’ पहिल्या रांगेतल्या सगळ्या माना एकदम हलल्या. बाकीच्या कारणांना कुणी हललं नव्हतं, पण हे कारण सगळ्यांना आवडतं. का आवडू नये? त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. त्यांनाच नको आहे म्हटलं की आपण मोकळे.

अनास्था! हा शब्द आता कानावर पडला तरी मला हातातलं काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. पण कुणाला मारू? तो शब्द मीच बोलले होते. आणि तो कुठून आला हे त्या सभागृहात मला एकटीलाच माहीत होतं – असं मला वाटत होतं.

मागं जाते. तसं केल्याशिवाय कळायचं नाही.

त्या खेड्यात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येत. ओढ्याच्या कडेला त्यांचा तळ पडे – उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, बाहेर चुली, बैल. दोन-चार दिवसांनी त्यांची मुलं शाळेत येत. आमचे हेडसर माणूस मायाळू. ते वर्गाच्या दारात उभे राहून म्हणायचे, “पावणी पोरं आल्याती बरं का. जरा सरकून बसा.” गावातली मुलं सरकून बसत. पाव्हणे! आमच्याकडं अनोळखी माणसालाही पावणं म्हणतात, त्यात प्रेम असतं, मला ते फार गोड वाटायचं. मी स्वतः तो शब्द उचलला. पाहुण्यांनो, पाणी प्यायलं का. पाहुण्यांनो, खिचडी घ्या.

पण पाहुण्याचं आपण काय करतो? त्याला बसायला देतो. जेवायला देतो. त्याला काम सांगत नाही, त्याचा अभ्यास घेत नाही, त्याची वही तपासत नाही. तो चार दिवसांनी जाणार असतो, आणि गेला की परत का आला नाही म्हणून कुणी चौकशी करत नाही. त्या एका लाडक्या शब्दानं आम्ही त्या मुलांना शाळेच्या आत घेऊन बाहेर ठेवत होतो. हंगामाच्या हंगाम ठेवत होतो. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

त्या पाहुण्यांत कोमल होती. पाचवीतली. बारीक, सरळ भांगाची, बोलायला धीट. मी सांगितलं की वाचायला उभी राही आणि अडखळली की स्वतःच हसे. ती फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. तुम्हाला तसं ऐकायचं असेल, मला माहीत आहे. गरिबाची मुलगी शिकायला हवी होती असं म्हटलं की ती विलक्षण बुद्धिमान होती असंही म्हणावं लागतं, नाहीतर कुणाला हळहळ वाटत नाही. कोमल साधारण होती. माझी सई आहे तेवढीच. साधारण मुलांनी शिकायचं नसतं का?

सई तेव्हा अंगावर पिणारी होती. रजा संपलेली, नोकरी अजून कायम व्हायची होती, सांभाळायला ठेवलेली बाई पंधरवड्यात निघून गेली. आम्ही शाळेजवळच भाड्यानं राहायचो. सासूबाईंचा गुडघा दुखत होता, नवऱ्याची नोकरी कोल्हापुरात. हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही मी सबब म्हणून सांगत नाही. सबब चालत नाही, हे मी स्वतःला बजावलंय. मी सईला शाळेत आणायला लागले. वर्गाच्या मागं तांदूळ ठेवायची खोली होती, तिथं झोळी बांधली. पोरगी उठली की रडे, रडली की वर्ग थांबे. एक दिवस कोमल आपणहून उठली आणि झोळी हलवून आली. सई गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, जा गं जरा. तिसऱ्या दिवशी सांगावं लागलं नाही.

तसंच सुरू झालं. हजेरी झाली की कोमल ‘हजर’ म्हणायची आणि उठून मागच्या खोलीत जायची. मी फळ्यावर अपूर्णांक शिकवायचे आणि भिंतीपलीकडं झोळीची दोरी कुरकुरायची. मधल्या सुट्टीत ती सईला कडेवर घेऊन फिरायची, गावातल्या पोरी तिला कौतुकानं बघायच्या. कधी म्हणायची, मॅडम, पुस्तक नेऊ का आत, झोळी हलवत वाचते. मी हो म्हणायचे. माझ्या मनात तेव्हा काय होतं? वाईट काहीच नव्हतं, हेच तर संतापजनक आहे. मला वाटायचं, पोरगी उन्हातान्हात उसाच्या फडावर जाण्यापेक्षा बरीच आहे की इथं! तिला मी सईचे जुने स्वेटर – नाही, तेही खोटं. सईचे स्वेटर तिला कसे येतील? मी माझी एक जुनी ओढणी दिली होती. तेवढंच.

खिचडी शिजवणाऱ्या शालनमावशी एकदा म्हणाल्या, “मॅडम, त्या पोरीचा अभ्यास ऱ्हातोय की.” मी हसून म्हटलं, पाहुणी आहे हो ती.

मग त्या ताई आल्या. नाव सुनंदाताई म्हणू या. शहरातल्या एका संस्थेचं मुलींचं निवासी विद्यालय होतं, तिथं ऊसतोडीच्या मुली घ्याव्यात असं त्यांच्या मनात आलं होतं. बारमाही राहायचं, दहावीपर्यंत शिकायचं, जेवणखाण, कपडे सगळं संस्थेचं. म्हणजे आईबाप फडावर असोत की गावाकडं, मुलीची शाळा बुडायची नाही. ताई जीपनं आल्या, हेडसरांशी बोलल्या, मग माझ्याकडं आल्या. पहिलंवहिलं वर्ष होतं, म्हणून एक-दोनच मुली घ्यायच्या होत्या. त्या म्हणाल्या, वर्गशिक्षिका म्हणाल ती मुलगी मी नेईन, तुमच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

कोमलचे वडील त्या दिवशी तोडीला गेले नव्हते. बातमी तळावर पोचली होती. ते धुतलेला सदरा घालून, टोपी हातात धरून व्हरांड्यात बसले होते. हे मुद्दाम लिहितेय. फळ्यावरच्या वर्तुळातल्या त्या अनास्थेला मी डोळ्यांनी व्हरांड्यात बसलेलं पाहिलंय – धुतलेल्या सदऱ्यात.

आणि मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “मुलगी गुणी आहे हो, पण तिला गोडी नाही अभ्यासाची. डोकंच चालत नाही. नेलीत तर चार दिवसांत पळून येईल.”

हे मी म्हणाले. एकदम, सहज, आधी ठरवल्यासारखं. ठरवलं नव्हतं. ताई बोलत असताना भिंतीपलीकडं दोरी कुरकुरत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली – उद्यापासून सईला कोण बघणार? दुसरं काहीही नाही. एवढं लहान कारण होतं ते. आणि टोळी तर फाल्गुनात जाणारच होती, कोमल मला आणखी काही आठवडेच मिळणार होती. त्या काही आठवड्यांच्या माझ्या सोयीसाठी मी तिचं उभं आयुष्य देऊन टाकलं, आणि ते माझं नव्हतंही.

ताईंना जरा आश्चर्य वाटलं असावं. त्यांनी विचारलं, मग दुसरी कुणी? इथं मी थांबू शकले असते. दुसऱ्या दोन मुली होत्या, त्यांची नावं सांगू शकले असते. पण मग ताई त्यांच्याशी बोलल्या असत्या, त्या कोमलबद्दल बोलल्या असत्या, कोमल दिवसभर कुठं असते ते निघालं असतं. म्हणून मी पुढं गेले. म्हटलं, या सगळ्यांचं तसंच आहे ताई, फिरायची सवय असते, एका जागी मन रमत नाही, आईबापांनाही फारसं नको असतं. एकीबद्दल खोटं बोललं की पकडलं जायची भीती असते. सगळ्यांबद्दल बोललं की तो अनुभव ठरतो. ताईंनी मान हलवली, जड मनानं, आणि जीप गेली.

बाहेर येऊन मीच वडिलांना सांगितलं. दादा, तिचं डोकं चालत नाही अभ्यासात, उगाच हाल होतील तिचे. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. म्हणाले, “तुमी म्हणता तर तसंच आसंल, बाई. आमाला काय कळतंय त्यातलं.” एक शब्द उलटा बोलले नाहीत. भांडले असते तर? पण मॅडमशी कोण भांडतं? मॅडमनी तर ओढणी दिली होती.

कोमल दारात उभी होती, सईला कडेवर घेऊन. तिनं सगळं ऐकलं. त्यानंतर तिनं आत न्यायला पुस्तक मागितलं नाही. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, कारण पुस्तक असलं की तिचं झोळीकडं लक्ष राहत नसे.

पुढच्या हंगामात ती आली, पण शाळेत नाही, फडावर. त्यानंतर काही वर्षांनी लग्न झाल्याचं कानावर आलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं घेत नाही, कोयते घेतो, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. म्हणून मुलांची लग्नं लवकर उरकतात. कोमल अशी कुणाचा तरी अर्धा कोयता पुरा करायला गेली. अजून सोळाचीही नव्हती. तोवर माझी बदली शहरात झाली होती आणि सईला मी इंग्रजी माध्यमात घातलं होतं.

सई आता नववीत आहे. तिला गणिताची गोडी नाही. अजिबात नाही. आम्ही काय केलं? क्लास लावला. तो जमला नाही म्हणून दुसरा लावला. तिचं डोकं चालत नाही असं एखादा शिक्षक म्हणाला असता, तर मी त्याच्या घरी जाऊन त्याला फाडून खाल्लं असतं.

आता पुन्हा त्या सभागृहात चला. मी अनास्था म्हटलं, माना हलल्या, टाळ्या झाल्या. मग अध्यक्ष बोलायला उठल्या. मी कार्यक्रमपत्रिकेवर नीट बघितलंच नव्हतं. त्या सुनंदाताई होत्या. केस पांढरे झालेले, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं होतं, मी त्यांना नाही. त्या म्हणाल्या, या मॅडमचे माझ्यावर उपकार आहेत. मी तेव्हा भाबडी होते, ऊसतोडीच्या मुली विद्यालयात आणायच्या म्हणून हिंडत होते. या बाईंनी मला वास्तव दाखवलं, की आधी त्यांच्यात इच्छा असावी लागते. मग आम्ही तो नाद सोडला आणि जागा आसपासच्या इच्छुक मुलींना दिल्या. हे मी आजवर कितीतरी ठिकाणी सांगितलंय, असंही म्हणाल्या.

कितीतरी ठिकाणी! म्हणजे एक-दोन मुलींचा प्रश्न नव्हता. सगळ्या वर्षांतल्या सगळ्या मुलींचा होता. माझ्या पोरीच्या दुपारच्या झोपेसाठी मारलेली थाप गावभर ज्ञान म्हणून फिरत होती, तिच्यावर निर्णय होत होते, आणि फिरून फिरून ती माझ्याच भाषणात येऊन बसली होती. मी कुठल्यातरी पुस्तकातून ते कारण घेतलं असं समजत होते. पुस्तक लिहिणाऱ्याला तरी कुणी सांगितलं असेल? माझ्यासारखीच कुणी मॅडम असेल, दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या झोळीजवळ?

मी उठून बोलायला हवं होतं. माईक समोर होता. मी हात जोडले, शाल घेतली, नारळ घेतला. फोटोत हसतेय मी.

त्यानंतर मात्र झोप लागेना. शालनमावशींना फोन केला, सहज विचारल्यासारखं दाखवून. मावशी म्हणाल्या, “आलीया की तुमची कोमल. मी दळपाला गेलतो तवा दिसली. वड्याकडंच्या तळावर हाय.” मी ठरवलं, जायचं आणि तिला सांगायचं. बाकी काही जमणार नव्हतं, पण एवढं तरी – की तुझं डोकं चांगलं होतं, मी खोटं बोलले.

रविवारी रंकाळ्यावरून एसटी धरली. तळ तिथंच होता. कोमलनं मला लांबून ओळखलं, पदर सावरत पळत आली, पाया पडली. खरंच पाया पडली. कोपीसमोर पोतं अंथरून मला बसवलं, गुळाचा चहा टाकला. हात कोयत्यानं आणि उसाच्या पातीनं चिरलेले, चेहरा माझ्यापेक्षा मोठ्या बाईचा. सई कशी आहे, कितवीत गेली, अजून अंगठा चोखते का – तिला सगळं आठवत होतं. शेजारच्या कोपीतल्या बायकांना बोलावून तिनं सांगितलं, या माझ्या मॅडम, यांनी मला लेकीसारखं ठेवलं होतं.

मी सुरुवात केली. म्हटलं, कोमल, त्या वेळी त्या ताई आल्या होत्या बघ.

ती हसली. म्हणाली, “आठवतंय की. माझंच डोकं न्हाई चाललं, मॅडम. तुम्ही तर लई केलं.”

तेवढ्यात कोपीतून एक मुलगी बाहेर आली. सहा-सात वर्षांची, सरळ भांगाची, कडेवर तान्हा भाऊ. मी विचारलं, ही शाळेत जात नाही का? शाळा तर समोर होती, हंगाम निम्मा सरला होता. कोमलनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, “काय करती जाऊन? माझ्यावर गेलीया ती. उगं कशाला तिला त्रास. ह्याला तरी बघती.”

तिचा आवाज अगदी शांत होता. माझाच आवाज होता तो. मुलगी माझ्याकडं बघत होती, आईही बघत होती, मॅडम काय म्हणतात म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायलाच तर मी आले होते, आणि आता ते एका बाईच्या भूतकाळाचं राहिलं नव्हतं, त्या पोरीच्या उद्याचं झालं होतं. पण शेजारच्या बायका बसल्या होत्या. कोमल माझ्याकडं इतक्या मायेनं बघत होती. ती माया मला सोडवली नाही.

“असतं एकेकाचं,” मी म्हणाले.

कोमलनं मान हलवली. मी चहा संपवला आणि परतीची एसटी धरली.

हंगाम अजून चालू आहे. त्या दोघी मायलेकी तळावरच आहेत, तास-दीड तासाच्या वाटेवर. मी परत गेलेले नाही.